टेरेलच्या हातावरचं दही

"हे काय आहे?" हेलनने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

फोटोत आमच्या बास्केटबॉल अरीनामागचं कार पार्क होतं. क्लबचं निळं फ्लीस जॅकेट घातलेली मी. माझ्या एका हातात स्टीलची डबी, दुसऱ्यात चमचा. समोर साडेसहा फुटांचा टेरेल, उजवा तळहात पुढे करून उभा. तळहातावर काहीतरी पांढरं.

"दही," मी म्हणाले.

"दही?"

"साखर घातलेलं."

हेलन आमच्या क्लबची जनरल मॅनेजर. खेळाडूंचे करार तीच करते. तिने चष्मा काढून डोळे चोळले. खिडकीबाहेर साउथहॅम्प्टनचं बंदर धुक्यात होतं, एवढं की क्रूझचं जहाज दिसत नव्हतं, नुसता भोंगा ऐकू येत होता. जूनची सकाळ, पण जाग आल्यासारखी वाटत नव्हती.

"म्हणजे तो चाललाय," हेलन म्हणाली. "आणि तुला ते माहीत होतं."

इथे थोडं मागे जायला हवं. मी फिजिओथेरपिस्ट. नागपूरहून इथे आले त्याला सव्वीस वर्षं झाली. बरीच वर्षं हॉस्पिटलात नोकरी केली, आणि गेली सात वर्षं आठवड्यातले तीन दिवस या बास्केटबॉल क्लबमध्ये आहे. खेळाडूंचे घोटे, गुडघे, कंबर हे माझं खातं. स्कोअर मला शेवटपर्यंत नीट कळत नाही, पण कोण कुठल्या पायावर भार टाकायला कचरतोय हे पाच मिनिटांत कळतं.

टेरेल अमेरिकेतल्या एका छोट्या गावातून आलेला आमचा स्टार. चार सीझन आमच्याकडे खेळला. सीझन संपला, करार संपला, आणि तो 'फ्री एजंट' झाला. म्हणजे मोकळा खेळाडू. कुठल्याही क्लबशी बोलणी करायला, कुठेही जायला मोकळा. खेळाडूसाठी हे दिवस बरे असतात, फॅन्ससाठी भयंकर. त्यांना काहीच माहीत नसतं आणि सगळं माहीत करून घ्यायचं असतं. टेरेलने घराबाहेर सोफा ठेवला, तर तो शहर सोडतोय. नवीन सोफा घेतला, तर राहतोय. खरंच असा एक सोफा निघाला होता. फॅन्सच्या ग्रुपवर त्यावर दोन दिवस चर्चा चालली.

फोटो शनिवारी सकाळचा होता. त्या दिवशी टेरेल गुडघ्याचा एमआरआय करायला निघाला होता. शेवटच्या काही मॅचेसपासून त्याचा उजवा गुडघा सुजत होता. गुडघ्याच्या हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. त्यातली एक फाटली असेल अशी मला शंका होती. फाटली असेल तर ऑपरेशन, आणि पुढचा निम्मा सीझन घरी. करार संपलेला असल्यामुळे स्कॅन त्याने स्वतःच एका क्लिनिकमध्ये ठरवला. जाताना मला सांगायला आला. घाबरला होता. एवढा मोठा माणूस, पण किल्ली हातातून दोनदा पडली.

माझ्या डब्यात दही होतं. आमच्याकडे परीक्षेला, मुलाखतीला, प्रवासाला, कुठल्याही अवघड कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर घालतात. त्याने ते चाटायचं आणि निघायचं. मी विचार वगैरे केला नाही. म्हटलं, "हात पुढे कर." त्याने केला.

कुणीतरी गाडीतून फोटो काढला.

रविवारी ग्रुपवर पहिला प्रश्न आला, तो पांढरा पदार्थ कोणता? फिजिओ खेळाडूला लपूनछपून काय चाटवतेय? कुणी जेल म्हणालं, कुणी पावडर. कुणीतरी 'डोपिंग' हा शब्द लिहिला. आणि तेव्हा केळकरकाका माझ्या मदतीला धावून आले.

केळकरकाका रिटायर्ड भूलतज्ज्ञ. मूळचे पुण्याचे, चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत गेली. काकू गेल्यावर एका शेजाऱ्याने त्यांना मॅचला नेलं, तेव्हापासून बास्केटच्या मागची सीट त्यांची. लांबून टाकलेला थ्री-पॉइंटर पडला की उभं राहून टाळ्या वाजवतात, नाट्यगृहात वाजवाव्यात तशा. त्यांनी अतिशय शुद्ध इंग्रजीत लिहिलं: ही बाई माझ्या माहितीतली आहे. हे औषध नाही, दही आहे. आमच्यात निघालेल्या माणसाच्या हातावर दही देण्याची पद्धत आहे.

डोपिंग एका मिनिटात विसरलं गेलं. ग्रुपवर एकच ओळ फिरायला लागली. निघालेल्या माणसाच्या. दही दिलं, म्हणजे तो निघाला.

म्हणून सोमवारी मी हेलनसमोर बसले होते.

"तो कुठे निघाला होता?" तिने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही."

"दुसऱ्या क्लबकडे?"

"हेलन, मी 'नाही' म्हटलं की तू पुढचं नाव घेशील. पेशंटने मला सांगितलेलं मी सांगत नाही. तुझ्या खांद्याचंही कुणाला सांगितलेलं नाही."

तिने खांदा आपसूक चोळला. मग शांतपणे म्हणाली, "परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, तुला माहितीये. त्याची जागा मी धरून ठेवलीये. दुसरा एक चांगला मुलगा मिळतोय. त्याच्या एजंटला बुधवारी दुपारी हो की नाही ते सांगायचंय. टेरेल जाणारच असेल तर मी कशासाठी थांबू?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं.

मी टेरेलला फोन केला. तो फेरीबोटीवर होता. हा त्याचा नाद. समोरच्या बेटावर जाणाऱ्या बोटीत बसायचं, पलीकडे पोचलं की उतरल्यासारखं करायचं आणि त्याच बोटीने परत यायचं. फोनमध्ये वारा आणि सीगल्स.

"तुला कुठे जायचंय?" मी विचारलं.

"कुठेच नाही. मला इथेच राहायचंय."

"मग हेलनला सांग ना तसं."

"रिपोर्ट शुक्रवारी येतोय. आत्ता राहतो म्हणालो आणि गुडघा फाटलेला निघाला तर? मी तिची जागा अडवून बसेन आणि खेळणार नाही. तसं नाही करायचं मला. आधी कळू दे. मग मीच तिला सांगेन, जे असेल ते."

"मी फक्त स्कॅनचं सांगू?"

बोटीचं इंजिन ऐकू येत होतं.

"प्लीज, नको," तो म्हणाला.

मी फोन ठेवला आणि मला राग आला. त्याचा नाही, त्या फोटोचा नाही, माझाच. आठ चमच्यांच्या त्या डबीने एका भल्या माणसाची जागा जाणार होती.

त्या संध्याकाळी अरीनातून बाहेर पडले, तर पायऱ्यांवर माणसं बसलेली. जूनमध्ये इथे संध्याकाळ संपतच नाही. साडेआठ वाजले तरी उन्हाचा पिवळा रंग पाण्यावर पडून राहतो आणि घड्याळावर विश्वास बसत नाही. पंधरा-वीस जण असतील, क्लबच्या जर्सीत. घोषणा नाहीत, बॅनर नाहीत. कुणी चिप्स खात होतं, कुणी नुसतंच पाण्याकडे पाहत होतं. एका जहाजाने धक्का सोडला आणि ते इतकं हळू सरकलं की आम्हीच मागे चाललोय असं वाटलं. सगळे वळून त्या जहाजाकडे बघत राहिले.

एक रिटायर्ड बस ड्रायव्हर बाई मला ओळखायच्या. म्हणाल्या, "जाऊ दे त्याला, चांगलंच होऊ दे त्याचं. फक्त त्याने स्वतः सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं."

मला त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगावंसं वाटलं. मी "गुडनाइट" म्हणाले आणि कार शोधायला लागले. कार समोरच होती.

बुधवारी अकरा वाजता हेलनने पुन्हा बोलावलं. अरीनाच्या दारात केळकरकाका उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काचेची वाटी, वर फॉइल.

"सुनीता, अगं, मी घोळ घातला."

"काका, तुम्ही माझी बाजू घ्यायला गेलात."

"अर्धंच लिहिलं. निघालेल्या माणसाला देतात, एवढंच लिहिलं. कशासाठी देतात ते लिहायचं राहिलं. घरी गेल्यावर आठवलं. मी ड्यूटीला निघालो की ही रोज द्यायची. रोज! मी काय रोज देशांतराला जात होतो? संध्याकाळी परत यायचो."

त्यांनी फॉइल काढलं. वाटीत दही म्हणण्यासारखं काही नव्हतं. पांढरं पाणी आणि त्यात चार गुठळ्या.

"विरजण नीट लागलं नाही," ते ओशाळून म्हणाले. "मी पहिल्यांदाच लावलं. यूट्यूबवर बघून. तुझी मीटिंग आहे म्हणून."

सव्वीस वर्षांत मी किती जणांच्या हातावर दही घातलं असेल. मुलीच्या, नवऱ्याच्या, हॉस्पिटलातल्या नवीन पोरींच्या. या देशात माझ्या हातावर कुणी घातलं नव्हतं. मी हात पुढे केला. अर्धं मनगटावरून ओघळलं. आंबट होतं, साखर विरघळलेली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

हेलनच्या टेबलावर दुसऱ्या खेळाडूची फाईल उघडी होती.

"मी टेरेलबद्दल काही सांगणार नाही," मी बसायच्या आतच म्हणाले. "दह्याबद्दल सांगते. ते माझं आहे."

"बोल."

"अवघड कामाला निघालेल्याला देतात. काम व्हावं आणि त्याने सुखरूप घरी यावं म्हणून. कायमचं जाणाऱ्यालाच देतात असं नाही. सकाळी ऑफिसला जाणाऱ्यालाही देतात."

"म्हणजे ते परत येण्यासाठी असतं."

"हो."

"आणि येतात परत?"

इथे मी 'हो' म्हणायला हवं होतं. ते सोपं होतं, आणि टेरेलच्या सोयीचंही. पण माझ्या हाताला अजून दह्याचा वास येत होता.

"मला माझ्या आईने नागपूरला स्टेशनवर दिलं होतं," मी म्हणाले. "दोन वर्षांसाठी निघाले होते. अजून इथेच आहे."

हेलनने खिडकीकडे पाहिलं. बाहेर धुकं निवळून पाणी चमकत होतं. तिच्या फोनवर एजंटचं नाव दोनदा उजळलं आणि विझलं.

"म्हणजे गॅरंटी काही नाही."

"नाही. पण शुक्रवारपर्यंत थांब. याचं कारण मी देऊ शकत नाही."

"सात वर्षांत तू मला कधी कशासाठी थांबायला सांगितलंस?"

"डॅनीच्या घोट्यासाठी. एकदा."

"आणि मी नाही थांबले." डॅनी तेव्हा खेळला होता आणि त्यानंतर फारसा खेळलाच नाही. हेलनने फाईल मिटली. "शुक्रवार, पाच वाजता. त्यानंतर नाही."

तिने एजंटला सांगितलं की उत्तर शुक्रवारी देईन. तो स्पीकरवर चिडला, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

शुक्रवारी साडेतीनला टेरेल रिपोर्ट घेऊन आला. माझ्या खोलीवरून पुढे गेला, थांबला नाही. सरळ हेलनकडे गेला. त्याने तसं सांगितलंच होतं. मी दार उघडं ठेवून टेप आणि बँडेजची कपाटं आवरत बसले, जी आवरलेलीच होती. त्याची चाल मी पाहिली होती. दोन्ही पायांवर सारखा भार होता, पण त्यावरून रिपोर्ट कळत नाही.

वीस मिनिटांनी दोघंही आली. मेनिस्कस फाटलेला नव्हता. वयाला शोभेल इतपत झीज, आणि सहा आठवड्यांचा व्यायाम, जो मी त्याला देणार आणि तो कंटाळा करणार. करार दोन वर्षांचा.

"स्कॅनला चाललो होतो त्यासाठी होतं ते दही," टेरेल हेलनला म्हणाला.

"मला आता कळलं," हेलन म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "माझ्या खांद्याला चालेल का ते?"

टेरेलने फॅन्सना स्वतःच सांगितलं, पायऱ्यांवर उभं राहून, सगळं. स्कॅन, भीती, दही. बस ड्रायव्हर बाई रडल्या आणि मग, एवढं साधं होतं तर पाच दिवस आमची झोप का उडवली, म्हणून त्याच्यावर ओरडल्या.

आमच्या पेशातल्या माणसांनी यातून शिकायचं ते एवढंच. पेशंटला काहीही चाटवायचं असेल तर खोलीत, दार लावून. मी तेव्हापासून तसंच करते.

अर्थात त्याचा उपयोग झाला नाही. नव्या सीझनची पहिली बाहेरगावची मॅच बर्मिंगहॅमला होती. सकाळी टीमच्या बसजवळ आले, तर फॅन्सची रांग. प्रत्येकाच्या हातात दह्याची डबी. स्ट्रॉबेरीचं, व्हॅनिलाचं, एकाकडे पीच आणि पॅशनफ्रूट. टेरेल तळहात पुढे करून उभा, आणि एकेक जण गंभीर चेहऱ्याने एकेक चमचा घालत होता. गुलाबी दही कोपरापर्यंत ओघळलं होतं. तो हसत नव्हता. डोळे मिटून चाटत होता. कोवळ्या उन्हात ते सगळं इतकं सावकाश चाललं होतं की बसचा ड्रायव्हरही हॉर्न वाजवायचं विसरला.

रांगेच्या शेवटी केळकरकाका होते. ते टेरेलकडे गेलेच नाहीत. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मी फक्त बर्मिंगहॅमला चाललेय काका. संध्याकाळी परत."

"ते माहितीये. आई कशी आहे नागपूरला?"

"आहे. वाट बघते."

"मग डिसेंबरचं तिकीट काढ," ते म्हणाले आणि फॉइल काढलं. या वेळी दही घट्ट लागलं होतं. चमचा उभा राहील इतकं.

मी हात पुढे केला.