भावोजींचा लाल फिल्टर

बाहेरचा एअर फिल्टर लावला की गाडीचा पिकअप वाढतो, असं म्हणणाऱ्या माणसाची अक्कल मी लगेच ओळखतो. ती त्याच्या कानात असते. साकीनाक्याच्या एका गॅरेजात मी आठ वर्षं इंजिनं उघडली आहेत, त्यामुळे हे बोलायचा मला अधिकार आहे. कंपनीचा फिल्टरचा डबा काढला की इंजिन हवा ओढताना मोठ्याने गुरगुरतं आणि वर बसलेल्याला वाटतं, आपण विमानात बसलो. गाडी पूर्वी पळत होती तेवढीच पळते.

ऐंशीच्या दशकात अंधेरीपासून मुलुंडपर्यंत हे खूळ पसरलं होतं. पेल्याएवढा, लाल रंगाचा, जाळीचा फिल्टर, वर इंग्रजी अक्षरांची चिकटपट्टी. स्टेशनबाहेरच्या दुकानात तो 'फॉरेनचा' म्हणून काचेत ठेवलेला असायचा. हे फॉरेन म्हणजे आमच्या गॅरेजसमोरची पत्र्याची शेड. तिथे दोन माणसं कात्रीने जाळी कापून गोल वळत बसायची. त्या जाळीतून मुंगीसुद्धा आरामात गेली असती, धुळीचं तर सोडाच.

असाच एक फिल्टर माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने आणला. गिरणी बंद पडल्यावर भावोजी वर्षभर घरी बसून होते. मग घाटकोपरच्या एका बेअरिंगच्या दुकानात माल पोचवायचं काम मिळालं. अट एकच, मोटरसायकल स्वतःची हवी. ताईने पाटल्या मोडल्या आणि जुनी गाडी दारात आली. त्या गाडीवर अख्खं घर चालत होतं, आणि हा गृहस्थ तिच्यावर बसून शर्यतीची स्वप्नं बघत होता.

त्या रविवारी मी दिंडोशीला ताईकडे जेवायला गेलो, तर भावोजींच्या ताटाशेजारी वर्तमानपत्रावर फिल्टर मांडलेला.

"पेट्रोल वाचता, पिकअप वाढता. दुकानदारान सांगितल्यान," भावोजी म्हणाले. विकणाऱ्यानेच सांगितलं म्हणजे ते वेदवाक्य.

"भावोजी, कंपनीने डबा काय उगाच दिलाय का?"

"तुमी गॅरेजवाले. तुमका जुनाच बरा दिसता."

भात वाढता वाढता ताईने माझ्याकडे डोळे वटारले. आमच्यात बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. जावई आहे, त्याचा शब्द सासरच्यांनी खाली पडू द्यायचा नाही. गिरणी गेली तरी हा मान गेला नव्हता. मी भात कालवायला लागलो.

तरी माझी खुमखुमी जाईना. वसाहतीबाहेरच्या चढावर मी त्यांना गाडी पळवायला लावली, दोनदा जुन्या डब्यावर आणि दोनदा नव्या फिल्टरवर, आणि स्वतः घड्याळ धरून उभा राहिलो. नवा फिल्टर दोन सेकंद मागेच पडला. भावोजी उतरले ते घामाघूम आणि खूश.

"बघलंस? कशी गेली ती?"

मी घड्याळ पुढे केलं.

"घड्याळाक काय कळता," ते म्हणाले.

जमलेले शेजारी हसले. "आवाज झकास आहे यार," कुणीतरी म्हणालं. मला त्या सगळ्यांची कीवसुद्धा आली नाही, फक्त किळस आली.

फिल्टर कायमचा लावून देण्याचा हुकूम मलाच झाला. पिकअपवर मी वाद घातला होता, पण आत जाऊन इंजिन खाणाऱ्या धुळीबद्दल चकार शब्द काढला नव्हता आणि तेव्हाही काढला नाही. तेल लावलेल्या स्पंजची एक टोपी त्या जाळीवर चढवली असती तरी बरीच धूळ अडली असती. दहा मिनिटांचं काम होतं, स्पंज गॅरेजात पडलेला होता. पण कान सोनारानेच टोचावे म्हणतात. म्हटलं, आता यांचे कान इंजिनच टोचेल. क्लिप घट्ट आवळली, हात पुसले आणि मनातल्या मनात हसत घरी गेलो.

भावोजींचा रोजचा रस्ता साकीनाक्यावरून, खडीच्या ट्रकांच्या मागून जायचा. चार महिन्यांत किक ढिली पडली. मग गाडी चढावर दम टाकू लागली, आणि एके सकाळी मालासकट रस्त्यात बंद पडली. मी इंजिन उघडलं. सिलिंडरच्या आत आणि पिस्टनवर नख अडकेल अशा उभ्या रेघा होत्या. गाडी तीन आठवडे गॅरेजात पडून राहिली. बेअरिंगवाला मालक तेवढे दिवस कशाला थांबेल? त्याने दुसरा माणूस ठेवला.

खराब झालेला पिस्टन खिशात घालून मी ताईकडे गेलो. काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. पिस्टन भावोजींच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, रेघांवरून बोट फिरवलं.

"ह्या त्या फिल्टरमुळे झाला?"

"हो. धूळ आत गेली."

"माका वाटला, तू लावलंस म्हणजे काय भीती नाय. वायट असता तर तू बोललो असतंस."

त्यात टोमणा नव्हता. त्यांचा खरोखरच तसा समज होता. मी पिस्टन त्यांच्या हातातून घेऊन परत खिशात घातला. मला लाज वाटली, अजूनही वाटते. भावोजी मूर्ख होते हे मी आजही म्हणतो. पण त्या रविवारी इंजिनाचं पुढे काय होणार हे माहीत असलेला माणूस तिथे एकच होता, आणि क्लिप त्यानेच आवळली होती.