माझी काही आडकाठी नाही

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही. त्यांच्या तोंडी वाक्य एकच: माझी काही आडकाठी नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय मोकळ्या मनाचा माणूस आहे! डोंबलाचं मोकळं मन. आडकाठी म्हणजे कुणाच्या वाटेत आडवी घातलेली काठी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ती नाही म्हटल्यावर वाट मोकळी, असं आपण भाबडेपणाने धरून चालतो. मास्तरांच्या घरात मात्र या वाक्याचा अर्थ असा होता, की तुमचं काम बोंबललं म्हणून समजा आणि वर त्यांचे आभार माना.

हा अर्थ सगळ्यात महागात शिकली ती त्यांची बहीण. तिला घरात धाकटी म्हणत आणि दुकानातही धाकटीच. केस पिकायला लागले तरी धाकटी. दुकान शिवणकामाचं. एक लांबट खोली, पुढे काचेचं दार, मधोमध कापड बेतायचं टेबल आणि मागे भिंतीकडे तोंड करून धाकटीचं मशीन. टेबल मास्तरांचं. बेतायचं, खडूने आखायचं, कापायचं त्यांनी. शिवायचं, काजं करायची, बटणं लावायची, इस्त्री मारायची हिने. गिऱ्हाइकाने कौतुक केलं की मान डोलवायची पुन्हा त्यांनी. तिला बेतणं शिकायचं होतं. मास्तर म्हणाले, शीक की, माझी काही आडकाठी नाही. त्यानंतर मोठी कात्री टेबलाच्या खणात गेली आणि खणाची किल्ली मास्तरांच्या खिशात. विचारलं की म्हणायचे, दुसऱ्याच्या हाताने धार जाते गं. मग धाकटी घरी स्वयंपाकघरातल्या कात्रीने रद्दीवर हात बसवत राहिली.

लग्नाचंही तेच. पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याने तिला सरळ विचारलं होतं. माणूस भला होता, तिला आवडलाही होता. तिने त्याला भावाकडे पाठवलं, इथेच ती चुकली. मास्तरांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, आडकाठी नाही हेही सांगितलं. फक्त आईला जरा बरं वाटू दे, एवढंच म्हणाले. आईला बरं वाटलं, तर दुकानाला रंग द्यायचा निघाला. रंग वाळला, तर मास्तरांचा गुडघा दुखायला लागला. घोंगडं भिजत भिजत किती भिजणार? घड्याळवाल्याने शेवटी दुसरीकडे लग्न केलं. मास्तर त्या लग्नात पोटभर जेवले आणि घरी येऊन बहिणीला म्हणाले, घाई केली बघ त्याने.

धाकटी भांडणार तरी कुणाशी? नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं, त्याचा राग धरता येतो, चारचौघांत त्याला जाब विचारता येतो. हा बाबा कशालाच नाही म्हणत नव्हता. सगळं करून सवरून नामानिराळा. चारचौघांनी उलट तिलाच विचारलं असतं, की भाऊ तर तयार होता, मग तुझंच घोडं कुठे अडलं?

एक दिवस शेजारच्या नर्सबाईंनी बातमी आणली. त्यांच्या मोठ्या दवाखान्यात शिवणखोली होती. चादरी, डॉक्टरांचे झगे, रोग्यांचे सदरे तिथेच शिवत आणि तिथे कापड बेतणारी बाई हवी होती. पगार स्वतःच्या हातात आणि टेबल स्वतःचं. टेबल म्हटल्यावर धाकटीने हातातलं काम खाली ठेवलं. खोलीच्या मुख्य बाईंची अट एकच होती: आजवर जिथे काम केलं, तिथल्या मालकाने फोनवर एक शब्द टाकावा. शनिवारपर्यंत फोन आला नाही तर त्या दुसऱ्या कुणाला तरी घेणार होत्या.

मास्तर म्हणाले, करतो की फोन, माझी काय आडकाठी? सोमवारी म्हणे लाइन लागली नाही. मंगळवारी नंबरच सापडेना. तो त्यांच्या चष्म्याच्या डबीत होता, त्यांनीच ठेवलेला. बुधवारी एका गायनमंडळाच्या मखमली कोटांचं मोठं काम आलं. मास्तरांची कळी खुलली. हे एवढं उरकू दे, मग बाईंशी निवांत बोलतो, म्हणाले. हा सूर धाकटीने घड्याळवाल्याच्या वेळी ऐकला होता.

शुक्रवारी मास्तरांनी मखमल टेबलावर अंथरली. मखमलीला लव असते; एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर खरखरीत, आणि लव उलटी झाली की रंगसुद्धा निराळा दिसतो. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण मास्तरांना कापड वाचवायचं होतं, कारण उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत द्यायची या दुकानात रीत नव्हती. त्यांनी पाठीचे कागदी साचे एका दिशेने मांडले आणि पुढच्या भागांचे उलट्या. धाकटीने मशीनवरून मान वळवून ते पाहिलं. गप्प बसली असती तर त्यांची चांगली जिरली असती. पण कामाची चाड अंगात होती ना, राहवलं नाही.

"दादा, लव उलटी जातेय. पाठ आणि पुढचा भाग वेगळे दिसतील."

मास्तरांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "सुचव गं, सुचवायला माझी काही आडकाठी नाही. आधी ती काजं पुरी कर," म्हणाले आणि कात्री चालवली.

तिने काजं पुरी केली, मशीनवर झाकण घातलं आणि घरी गेली. शनिवारी सकाळी दुकानात न येता ती थेट दवाखान्यात जाऊन उभी राहिली. मुख्य बाई म्हणाल्या, तुमच्या मालकांचा फोन काही आला नाही.

"येणारही नाही," धाकटी म्हणाली. "कापड द्या. मी बेतून दाखवते."

बाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि हिरव्या कापडाचा तागा पुढे सरकवला. एवढी मोठी कात्री तिने कधी हातात धरली नव्हती. सुरुवातीला ती जपून जपून चालवली; मग रद्दीवर गिरवलेलं सगळं बोटांना आठवत गेलं. बाईंनी बाहीवर बाही ठेवून पाहिली आणि सोमवारपासून या, म्हणाल्या. धाकटी जिन्यात आली आणि भिंतीला टेकून रडली. आनंद होता, पण संताप त्याहून जास्त. एवढंच होतं? एवढ्यासाठी आपण इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलो?

इकडे मास्तरांनी बाहेरच्या कारागिराकडून कोट शिवून घेतले. मंडळ घालून बघायला आलं. पुढून लालभडक आणि मागून विटलेले! मंडळाचे मुख्य गायक आरशासमोर वळून वळून पाहत राहिले, मग विचारते झाले, की हा मागून चाललाय तो दुसरा कुणी आहे का? नवी मखमल पदरमोड करून आणायची आणि सगळे कोट पुन्हा करून द्यायचे, असं ठणकावून ते गेले. बाहेरच्या कारागिराने तेवढ्यात हात वर केले.

मास्तर दवाखान्यात धावले. शिवणखोलीच्या दारात उभे राहून केविलवाण्या आवाजात म्हणाले, तू ये, तूच बेत, तूच शिव. आणि खिशातून खणाची किल्ली काढून पुढे धरली. धाकटीने किल्लीकडे पाहिलं. आता देतोय मेला, असं तिच्या मनात आलं. शिव्या अगदी ओठांवर आल्या होत्या आणि त्यातली एकही वावगी नव्हती.

"येईन की दादा," ती म्हणाली. "माझी काही आडकाठी नाही. फक्त हातातलं एवढं होऊ दे."

हातातलं म्हणजे मागे छतापर्यंत रचलेले तागे. मुख्य बाईंनी खाली मान घालून हसू दाबलं. कुणालाही कळलं असतं. मास्तरांना कळलं नाही. ज्या वाक्यावर अख्खं घर लटकत ठेवलं, ते स्वतःच्या वाट्याला आलं तेव्हा बावळटाने ते खरं मानलं. खुशीत दुकानात गेले, मंडळाला फोन केला, तोही पहिल्या झटक्यात लागला, आणि सांगितलं, काळजी नको, बहीण येतेय, तिची काही आडकाठी नाही. मग नवी मखमल टेबलावर अंथरली, कात्री खणातून काढून शेजारी ठेवली आणि काचेच्या दाराकडे तोंड करून बसले. अजून तसेच बसतात. कुणी विचारलं तर म्हणतात, येईलच इतक्यात.