डब्यावरचा स्टिकर

कंपनीच्या बसमध्ये रावेतपासून महाळुंग्यापर्यंत तो माझ्या शेजारी बसायचा. मूळचा तिथलाच, बायको वारलेली, एकुलती मुलगी इंग्लंडात नर्स. त्याच्या डब्यावर मागच्या निवडणुकीतला स्टिकर होता: ‘आधी भूमिपुत्र, मग बाहेरचे.’ बोलताना तो त्याची उचकटलेली कड अंगठ्यानं दाबत राहायचा. मी परभणीचा. राग यायचा, पण अख्ख्या बसमध्ये माझ्याशी बोलणारा तोच एक होता.

एका सकाळी त्यानं मोबाइल पुढं केला. “पोरीच्या दारात कुणी ह्यो कागद टाकलाय. तिकडं इलेक्शन हाय म्हणं. नुसता फोटो धाडला, बोलली काईच न्हाई. वाचा की राव.”

मी वाचून मराठीत सांगितलं, “आधी आपली माणसं. बाहेरच्यांना परत पाठवा.”

“असल्यांना मतं देत्यात व्हय लोक?”

“देतात,” मी म्हणालो.

महाळुंगे येईपर्यंत त्याचा अंगठा स्टिकरवरच होता, पण दाबत नव्हता. दोन वर्षं शेजारी बसून, उतरताना त्यानं मला पहिल्यांदा विचारलं, “भाऊ, तुमचं गाव कंचं?”