व्होल्टेज भागिले करंट

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या आयटीआयच्या वर्कशॉपात ते कापसाच्या तंतूंसारखे खिडकीतून तरंगत येतात आणि वायरच्या गुंडाळ्यांवर बसून राहतात. मी तिथं इलेक्ट्रिशियनच्या वर्गातल्या पोरापोरींना शिकवते. दुपारी पंखा मंदावतो, फळ्यावरचे आकडे पोहायला लागतात, आणि मग कोणीतरी काहीतरी बोलतंच!

*

अशाच एका दुपारी सिंदीचा भास्कर बाकावर गाढ झोपला होता. मी विचारलं, "व्होल्टेज दोनशे तीस, करंट शून्य. पॉवर किती?"

पुढच्या बाकावरच्या पौर्णिमानं भास्करकडे बोट केलं.

"दिसूनच राह्यली ना, मॅडम!"

*

जागा असला की हाच भास्कर भारी शंका काढायचा. शंभर वॅटचा जुना बल्ब पेटवून त्यानं व्होल्टेजला करंटनं भागलं. रेझिस्टन्स, म्हणजे विरोध, आला पाचशे ओहमच्या वर. मग बल्ब गार करून मीटर लावलं, तर जेमतेम चाळीस!

"मॅडम, बल्ब खोटं बोलून राह्यला!"

कोपऱ्यात चहा पीत बसलेले आमचे मेश्राम सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "थंड असतानी कोण विरोध करते, बावा? तापल्यावर मोज!"

*

परीक्षेला बाहेरून साहेब आले. "व्होल्टेज अर्धं झालं, तर इस्त्रीची पॉवर?"

"चौथाई, सर," भास्कर म्हणाला.

"काऊन?"

"करंटबी अर्धाच होते ना."

साहेब खूश. "मग शर्टाचं काय होईल?"

भास्करनं मान खाली घालून स्वतःचा शर्ट दाखवला. "हे असं, सर!"

*

मेश्राम सर मुलगी पाहायला गेले, तेव्हा मीही सोबत होते. मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. सर बराच वेळ पोह्यांत हरवून बसले. शेवटी तोंड उघडलं, "तुमच्याकडे व्होल्टेज बरोबर येते का?"

"येते ना! पण तुमच्यातून करंट वाहून नाई राह्यला!"

लग्न झालं. हे सांगताना सर अजूनही मध्येच थांबतात, आणि हसत कुठंतरी दूर पाहतात.

*

पौर्णिमा गिरडजवळच्या खेड्यातली. तिच्या बाबांची फुप्फुसं कमजोर. घरीच ऑक्सिजनचं मशीन. लाइट गेली की तेही बंद. म्हणून तिनं इन्व्हर्टर बसवला आणि तपासायला मला बोलावलं.

भर दुपार. मशीन घरघरत होतं. मशीनला कमी पडू नये म्हणून पंखा बंदच; माय उशाशी बसून बाबांना पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

पौर्णिमानं मीटर लावलं. "दोनशे तीस व्होल्ट, दीड अँपिअर... तीनशे पंचेचाळीस वॅट. बाबा, इन्व्हर्टर सातशेचा हाय. लाइट गेली तरी मशीन चालते!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं मेन स्विच पाडला.

मशीनला एक आचका बसला... आणि घरघर पुन्हा सुरू झाली. माय रडायलाच लागली.

बाबांनी नाकाची नळी सारखी केली. एकेक शब्द थांबून म्हणाले, "मंग उरलेल्यात... तुह्या मायचा पंखा बसते का?"

"बसते, बाबा!"

तिनं पंखा त्याच लाइनवर जोडला. आम्ही अंगणात चहा घेतला. निघताना निरोप घ्यायला मी दारात आले, तर बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. माय भिंतीला टेकून झोपली होती, पुठ्ठा मांडीवर.

"हळू बोला, मॅडम," ते कुजबुजले. "लय दिवसानं झोपली ते."