हातांनी ठेवलेली नावं

किस्से लक्षात राहायला माणूस दमलेला असावा लागतो, असं माझं मत आहे. ताज्यातवान्या माणसाच्या समोरून गोष्टी नुसत्या निघून जातात. माझा पारस आठ महिन्यांचा असताना मी कर्णबधिर मुलांच्या उन्हाळी कॅम्पात काम करायला गेले, तेव्हा इतकी दमलेली होते की एकही गोष्ट सुटली नाही. आमच्याकडे तेव्हा मोबाइल आले नव्हते, एवढं जुनं आहे हे. अजूनही मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "ते कॅम्पचं सांग ना." हसायला येईल म्हणून विचारतात. सुरुवातीचे किस्से हसायचे आहेत, तेवढे हसून घ्या.

* * *

कॅम्प ओतूरजवळच्या एका शाळेच्या रिकाम्या इमारतीत भरायचा. मुलं जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरची, एरवी हॉस्टेलला राहून शिकणारी. कॅम्प चालवायच्या शिंदेबाई, त्यांच्याच शाळेच्या शिक्षिका. त्या शाळेत तेव्हा कडक नियम होता, वर्गात हात मागे बांधून बसायचं. हात हलवले की मुलं बोलायला शिकत नाहीत, असं वरच्यांचं म्हणणं. शिंदेबाई वर्षभर नियम पाळायच्या आणि मे महिन्यात कॅम्प घ्यायच्या. "इथं हात मोकळे," हा कॅम्पचा एकमेव नियम.

माझा धाकटा भाऊ कर्णबधिर. त्यामुळे हातांची भाषा मला लहानपणापासून येते. बाईंना तेवढं पुरेसं होतं. पारसचं काय करायचं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "घेऊन या त्याला."

पहिल्याच दुपारी सगळी मुलं सतरंजीवर झोपली होती. मी साडीची झोळी बांधून पारसला आत टाकलं आणि त्याने जे भोकाड पसरलं, ते शाळेचे पत्रे हलवणारं होतं. एकाही मुलाने कूस बदलली नाही. ज्या बाळापायी आमच्या नारायणगावातल्या घरी सगळी माणसं जागत होती, त्याला निवांत रडायला अखेर एक जागा मिळाली. जाग्या होतो त्या मी आणि शिंदेबाई. बाई शांतपणे म्हणाल्या, "आवाज चांगला आहे हो. आम्ही वर्षभर यासाठीच झटतो."

* * *

या मुलांची एक पद्धत असते. ओळख झाली की ती तुम्हाला हाताने एक नाव ठेवतात. तुमचं कागदावरचं नाव त्यांच्या काय कामाचं? तुम्ही दिसता कशा, करता काय, त्यावरून खूण ठरते आणि एकदा ठरली की ठरली. शिंदेबाईंची खूण म्हणजे नाकावर घसरलेला चष्मा बोटाने वर ढकलायचा.

माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. मला वाटलं, वेणीची खूण मिळणार. मुलांनी आपसात बराच खल केला आणि मला नाव मिळालं, स्वतःच्या खांद्यावर दोन थापा. पारसला ढेकर काढायला मी दिवसभर तेच करत फिरायचे. माझ्या नवऱ्याला मात्र न्याय मिळाला. तो मला रोज सकाळी स्कूटरवरून सोडायला यायचा आणि परत जाताना ती कधीच एका किकमध्ये सुरू व्हायची नाही. त्याचं नाव पडलं, लाथ. कापडाच्या दुकानात बसणारा, मुंगीवर पाय न देणारा आमचा माणूस. घरी सांगितल्यावर सासूबाईसुद्धा हसल्या. त्या महिन्यात त्या हसल्या ते तेवढंच.

* * *

पारसला सगळ्यात जास्त घेऊन बसायची ती मंदा. नऊएक वर्षांची, आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली, सावळी, काटक. तिने पारससाठी दुधाची खूण तयार केली, शेळीची धार काढल्यासारखी मूठ दाबायची. भूक लागली की पारस मूठ दाबायला लागला. मला कौतुकाने भरून आलं. एका संध्याकाळी त्याने तीच मूठ सासूबाईंसमोर दाबली.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या भावासारखं झालं."

त्यांचं भय खोटं नव्हतं. तेच भय मीही पोटात घेऊन फिरत होते, फक्त बोलत नव्हते. म्हणून त्यांनी स्टीलचं ताट आणून पारसच्या मागे वाजवलं, तेव्हा मी अडवलं नाही. पारस वळला. पुन्हा वाजवलं, पुन्हा वळला. नवऱ्यानेही वाजवून बघितलं, तेव्हाही वळला. मग पारसला कंटाळा आला आणि तो आपल्या पायाचा अंगठा तोंडात घालून बसला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "बघ. गेलं ऐकू यायचं."

दुसऱ्या दिवसापासून पारस घरी आणि मी कॅम्पात. दुपारी दूध भरून आलं की पुढून ओला झालेला ब्लाउज पदराने झाकत मी जीपमध्ये बसायचे, नारायणगावला जाऊन त्याला पाजायचे आणि परत यायचे. जीपवाला एकदा म्हणाला, "ताई, तुमी पास काढा." मला हसायला आलं नाही. घरी गेले की कॅम्प सोडलाय असं वाटायचं आणि कॅम्पात आले की मूल टाकलंय असं.

* * *

मुलांना ओतूरच्या बाजारात नेलं होतं. मंदा रस्त्याच्या कडेला बांगड्या बघत उभी होती आणि मागून कांद्याचा टेम्पो रिव्हर्स येत होता. क्लीनर बोंबलतोय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, सगळा बाजार ओरडतोय. मी धावत जाऊन तिला ओढलं. टेम्पो बांगडीवाल्याच्या हातगाडीला घासून थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याच्या तोंडाला फेस आला होता. "भैरी हाय का गं तू?"

"हो," मी म्हणाले.

 तो टेम्पोच्या चाकाशी बसून बराच वेळ डोकं धरून होता.

* * *

मुलांना भेटायच्या रविवारी मंदाचे वडील आले. फडक्यात करवंदं बांधून आणली होती, तिच्या हातात दिली आणि शिंदेबाईंना म्हणाले, "बाई, आता बास. जूनला न्हाई धाडणार हिला."

बाईंनी कारण विचारलं.

"बोलाया शिकंल म्हणून घातली व्हती. बोलिवून दाखवा."

बाईंनी मंदाच्या हनुवटीला हात लावला. मंदाने सगळा जीव घशात आणून 'बाबा' म्हटलं. वर्षभर हात मागे बांधून ती तेवढंच शिकली होती. 

"मला नाय कळालं," वडील म्हणाले. "बाप हाय मी, आन् मलाच नाय कळालं."

"पण घरी तिच्याशी बोलणार कोण?" मी मध्ये पडले. "इथं दिवसभर हातांनी बोलते हो ती. तिकडे कुणाशी बोलेल?"

"बोलायचं काय त्यात, ताई? भाकर दावली की जेवती. हातरून दावलं की झोपती."

माणूस वाईट नव्हता. जाताना त्याने तिच्या पायातला काटा बघून स्वतः काढला. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी शिंदेबाईंना म्हणाले, ही पोर घरी गेली तर जन्मभर भाकर आणि अंथरूण एवढंच बोलणं तिच्या वाट्याला येईल. बाईंनी चष्मा वर ढकलला. "शेवटच्या दिवशी तिची आईही येणार आहे. बघू, तिला काही सांगता आलं तर." सांगणार काय, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

* * *

आता शेवटचा. मंदा जूनमध्ये शाळेत परत आली का, असं सगळ्याजणी आधीच विचारतात. आली. पण किस्सा तो नाही.

कॅम्पच्या शेवटच्या दिवशी पालक समोर बसायचे आणि प्रत्येक मूल आपल्या घरच्यांची हाताने ठेवलेली नावं करून दाखवायचं. मी शेजारी माइक घेऊन ती बोलून सांगायचे. मंदा उभी राहिली. डोक्याला मुंडासं गुंडाळलं, वडील. नाक मनगटाला पुसलं, धाकटा भाऊ. लोक हसले. मग तिने दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं, एका हाताने कडी सरकवली आणि पहिल्या रांगेतल्या आईकडे बोट केलं.

मी माइकमध्ये एवढंच सांगितलं, "ही आई."

आईला माझी गरज पडली नाही. ती जागेवरून उठली. "कडी हाय ना ती? मी लावती कडी. शाळंत घालायच्या आधी रोज लावायची, आताबी घरी असली की लावती. दारातनं खडीच्या गाड्या जात्यात, हिला आवाज येत न्हाई. काय करू मी?"

 कार्यक्रम कसाबसा संपला. बाहेर एसटी उभी होती आणि मंदाचे वडील पिशवी घेऊन निघालेही होते. आई माझ्यापाशी आली.

"ताई, तिला इचारा. मी गेल्यावर आत काय करती ती?"

मी विचारलं. मंदाने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आई असं काही विचारेल, हे तिला नवीन होतं. मग तिचे हात सुरू झाले. कौलातून ऊन कुठे पडतं, ते सरकत सरकत चुलीपाशी कसं येतं, कोंबडी आत राहिली तर बरं वाटतं, भिंतीच्या पोपड्यात माणसं दिसतात. मी सांगत गेले. एसटीने हॉर्न दिला. आई म्हणाली, "तिला थांबवू नका."

सगळं सांगून झाल्यावर मंदाने एक प्रश्न केला. 

"ती विचारतेय, कडी लावून तुम्ही जाता कुठं?"

"आवणीला," आई म्हणाली. "भात लावाया. आन् कुठं जाणार मी?" मग माझ्याकडे वळली. "सांगा की तिला."

मला खूण येत नव्हती. कापड विकणाऱ्या घरातली मी, भात लावताना जन्मात कधी वाकले नव्हते.

आईने माझी वाट पाहिली नाही. पदर खोचला, शाळेच्या त्या वाळक्या मैदानात वाकली आणि डाव्या हातात नसलेली जुडी धरून उजव्या हाताने धुळीत एकेक रोप लावत मागे मागे सरकायला लागली. मंदा डोळे न मिटता बघत होती. एसटी निघून गेली. मंदाच्या वडिलांनी पिशवी खाली ठेवली आणि तेही बायकोच्या शेजारी जाऊन वाकले.