मी गेलो की गप्प बसणारा अलार्म

"तुमचं मशीन घेऊन जा," शिरूरचे डॉक्टर फोनवर म्हणाले. आठवड्यातला त्यांचा हा तिसरा फोन.

मशीन म्हणजे आमच्या पुण्यातल्या छोट्या कंपनीचा प्रोटोटाइप. दोन हजार सालानंतरची गोष्ट. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या पोटावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवायचा, तो तापमान कळवतो. त्याला वायर नाही, बॅटरी नाही, म्हणून बाळाची कातडी ओढली जात नाही. गादीखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, ती कॉइल. तिच्याकडून सेन्सरला हवेतूनच वीज मिळते. मिळाली नाही की अलार्म वाजतो. शिरूरला तो दिवसभर वाजायचा.

मी गेलो की मात्र गप्प. एकदा केबल बदलली, एकदा अख्खी कॉइल. तासभर बसून पाहिलं, सगळं झकास. परतताना शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत अडकलो की मोबाइल वाजायचा: अलार्म परत सुरू. कपाळ फोडून घ्यावंसं वाटायचं. आमचे साहेब म्हणायचे, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल, स्टॅबिलायझर लाव. साहेबांनी शिरूर पाहिलंही नव्हतं.

तिसऱ्या फोनचं कारण मात्र गंभीर होतं. अलार्मला कंटाळून सिस्टर तो न बघताच बंद करू लागल्या होत्या. त्या सकाळी बाळाला ऊब देणारा हीटर बंद पडला. सेन्सर मुका, अलार्म बंद. राउंडला डॉक्टरांनी पायांना हात लावला तेव्हा मुलगी गार लागली. ती थोडक्यात वाचली. 

रागारागात न कळवताच एसटी पकडली. थेट वॉर्डात गेलो. अलार्म वाजत होता. गादीची कड उचलली, तर कॉइलवर अडकित्ता.

दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात हे मला काय नवीन? माझ्या उशाशी विळा होता म्हणे. पण लोखंड जवळ आलं की कॉइलची वीज तेच खातं आणि सेन्सर उपाशी राहतो. मग मी यायचो तेव्हा हा अडकित्ता कुठं जायचा? वॉर्डातल्या मावशींना विचारलं.

"तुमचा फोन आला की सिस्टर म्हनायच्या, साहेब येत्यात, समदं साफ करा. मंग मी काढायची. तुमी गेल्यावं परत ठेवायची."

म्हणजे फोन करून बिघाड मीच पळवून लावत होतो. चिडून अडकित्ता ड्रॉवरमध्ये टाकणार, तोच मुलीची आई पुढे आली. कवठे येमाईची, अंगाने काडी.

"काढू नका दादा. पयलं गेलंय माझं."

माझा राग जागच्या जागी विरला. डॉक्टरांना विचारलं आणि पलीकडच्या भिंतीवर, तिला बसल्या जागेवरून दिसेल असा, अडकित्ता बँडेजने खिळ्याला टांगला. अलार्म थांबला, तो मुलगी घरी जाईपर्यंत थांबलेलाच राहिला. मशीनही तिथंच राहिलं.

साहेबांनी माझ्या रिपोर्टातला 'अडकित्ता' खोडून 'बाह्य धातू' केलं. मी तेव्हापासून मशीन बसवताना एक खिळाही ठोकतो. आणि कुठंही कळवून जात नाही.