बोळातला बाक

गेस्के मावशीच्या घरात वस्तू जागची हलत नसे. लढाईने खिडक्यांवर काळे पडदे चढवले, संध्याकाळी उजेडाची चोरी झाली, तेव्हापासून ओल्डेनबुर्गकडच्या त्या खेड्यात घरोघरी हीच तऱ्हा. किटली चुलीच्या डावीकडे, कप खिडकीशी, दाराकडे जाणाऱ्या बोळातला बाक भिंतीला चिकटून. चाचपडत गेलं तरी हाताला बरोबर लागायचं.

वरच्या खोलीत फोल्कर नावाचा वैमानिक राहायचा, सैन्याने तिच्याकडे उतरवलेला. डोंगराकडच्या एका पाववाल्याचा मुलगा. आधी दिवसा लढाऊ विमानं उडवायचा, मग त्याला रात्रीच्या शिकारी तुकडीत घातलं. शहरं जाळायला येणारी इंग्रजांची विमानं अंधारात हुडकायची आणि पाडायची. त्याने नऊ पाडली, छातीवर शौर्यपदकाचा क्रॉस आला, पेपरात फोटो आला. मावशीने विचारलं, "एकेका विमानात माणसं किती रे असतात?"

"सात," तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याचे बटाटे ताटात तसेच राहिले.

त्याच्या मागच्या सीटवर ऑस्कर बसायचा, रडार बघायला. ऑस्कर मोठा वात्रट. "मावशी, मी डावीकडे म्हटलं की हा डावीकडे वळतो. माझी बायकोसुद्धा इतकं ऐकत नाही!"

मावशी पोट धरून हसली होती. पण त्या थट्टेखाली काय होतं ते तिला पुढे कळलं.

तिन्हीसांजेला फोल्कर काळा चष्मा लावून चुलीशी बसायचा. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून वैमानिक तसे बसतात. एकदा मावशीने दुधाची बादली चुकून बोळात ठेवली. फोल्कर चष्मा काढून निघाला तो थेट बादलीत. दूध सांडलं, तो हसला, पण मावशी फरशी पुसता पुसता बादलीकडे बघत राहिली. एवढी पांढरीशुभ्र बादली, आणि याला दिसली नाही! दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम कप वीतभर सरकवून ठेवला. तिन्हीसांजेला त्याचा हात जुन्या जागेवर गेला आणि रिकामा परत आला.

"फोल्कर, तुला अंधारात दिसत नाही."

त्याने चाचपडत कप शोधला. "ऑस्करला माहीत आहे. डोळे त्याचे, हात माझे. उतरताना तोच सांगतो, आता खाली, आता टेकव."

"डॉक्टरला सांग की!"

"नऊ पाडलेला अचानक आंधळा झाला म्हणून? भित्रा म्हणतील, मावशी. आमच्यातला एक असंच सांगायला गेला होता. त्याचं नाव आता कोणी घेत नाही."

मावशीने तोंड शिवून घेतलं. पण रोज विमानं उडाली की परत येईपर्यंत ती जागीच राहायची.

मग ऑस्करला न्यूमोनिया झाला. त्याच्या जागी सैन्यात भरती झालेले ब्रांडेस नावाचे शाळामास्तर आले, दोन मुलींचे बाप. दुपारी ओळख करून घ्यायला आले आणि जवाची कॉफी पिता पिता म्हणाले, "मी आपला रडारच्या पडद्यात डोकं घालून बसणार. बाहेर बघायला फोल्कर आहेच. सगळ्या तुकडीत असे डोळे नाहीत म्हणे!"

फोल्करने मान खाली घातली. मास्तरांना कोणी काही सांगितलेलं नाही, हे मावशीला कळलं.

"आज तरी नको जाऊस," मास्तर गेल्यावर ती म्हणाली.

"काय सांगून?"

सांज झाली. फोल्करला न्यायला आलेल्या विमानतळावरच्या गाडीचा भोंगा वाजला. मावशी बोळात गेली आणि तो ओकचा बाक तिने वाटेत आडवा ओढला.

फोल्कर झपझप आला आणि धाडकन पडला. घोट्याचं हाड मोडलं.

त्या रात्री मास्तर जमिनीवरच राहिले. पण ब्रेमेनच्या दिशेने इंग्रजांची विमानं घरघरत गेली. मावशीची बहीण ब्रेमेनलाच होती, आणि त्यांना अडवायला आज फोल्कर नव्हता. उशीत तोंड खुपसून मावशी एकच घोकत राहिली, हे काय करून बसले मी?

सकाळी विमानतळावरचा डॉक्टर आला. पायाला फळ्या बांधता बांधता हसला. "काय राव, नऊ विमानं पाडली आणि बाकाने तुम्हाला पाडलं! महिना-दीड महिन्यात पुन्हा उडाल."

मावशी चुलीकडे तोंड करून उभी राहिली. महिना-दीड महिना. मग पुन्हा तेच.

"बाक जागेवर नव्हता, मावशी," फोल्कर हळूच म्हणाला.

"नव्हता."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. "डॉक्टर, मला तो दिसलाच नाही. अंधारात मला काहीच दिसत नाही. हिवाळ्यापासून."

डॉक्टरचं हसू मावळलं. त्याने खुर्ची पुढे ओढली. "बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा."

बोळात बाक अजून आडवाच होता. मावशी त्याच्यावर बसली आणि बंद दाराला कान लावून राहिली. आत दोघंही इतकं हळू बोलत होते, की डॉक्टर त्याला आजारी म्हणतोय की भित्रा, तिला कळेना.